सागरी महामार्ग आणि काकीची पाखाडी

मे महिन्यात मुंबई-पुण्याहून किनाऱ्याकिनाऱ्याने निघणाऱ्या गाड्यांचा बेत बहुतेक ठरलेला असतो. अलिबाग, मुरुड, आगरदांड्याला गाडी बोटीत घालून दिघी, मग श्रीवर्धन, हरिहरेश्वर, बागमांडल्याहून वेसवीला पुन्हा बोट, केळशी, हर्णै, दाभोळहून धोपावे, गुहागर, तवसाळहून जयगड, गणपतीपुळे. सुट्ट्या जास्त असल्या तर मालवण-वेंगुर्ल्यापर्यंत. खोल्यांचे पैसे महिनाभर आधी भरलेले असतात, कुठल्या खानावळीत सुरमई ताजी मिळते याची चौकशी झालेली असते. आणि या सगळ्याच्या तळाशी, परतीच्या दिवसासमोर, एक ओळ असते : येताना राजापूरला काकीकडे, जमलं तर संगमेश्वरला आत्येकडे, आणि चिपळूणला तो कॉलेजातला मित्र कधीपासून बोलावतोय.

यावरची टीकाही ठरलेली आहे. समुद्राला पाच दिवस आणि चुलतीला अर्धा तास, नात्यात ओलावाच उरला नाही, वगैरे. मला ही टीका आळशी वाटते. नाती खरोखर आटली असती तर गाडी हायवे सोडून आत वळलीच नसती. लोक वळतात. दमलेली पोरं मागच्या सीटवर कुरकुरत असताना, रात्री अकराच्या आत पनवेल गाठायचं डोक्यात असताना वळतात. तरीही काकीचं घर दरवेळी शेवटालाच ढकललं जातं, याचं कारण माणसांच्या मनात कमी आणि रस्त्यात जास्त आहे. कोकणातले रस्ते, पूल, बोटी, विमानतळ यांचं नियोजन गेली पंचवीस-तीस वर्षं इथून जाणाऱ्याला समोर ठेवून होत आलंय. जो इथे कुणाकडे तरी येणार आहे, तो त्या हिशेबात कुठेच नाही.

कोकणातलं गाव घाटावरच्यासारखं एका गावठाणात दाटीने वसलेलं नसतं. वर सडा, म्हणजे जांभ्याचं उघडं पठार, त्यावरून जाणारा डांबरी रस्ता. खाली खोऱ्यात, व्हाळाच्या म्हणजे ओढ्याच्या कडेने, माडा-पोफळींत दडलेल्या वाड्या. एका गावाच्या आठ-दहा वाड्या, वाडीत वीस-पंचवीस घरं, त्यांतली निम्मी कुलूपबंद. सड्यावरून वाडीत उतरायला जांभ्याच्या पायऱ्यांची पाखाडी, व्हाळ ओलांडायला साकव. काही ठिकाणी पाखाडी रुंद करून तिच्यावर सिमेंट ओतलंय, तिथे गाडी उतरते. पण समोरून रिक्षा आली की दोघांपैकी एकाला गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, आरसा घासत मागे जावं लागतं, आणि परत चढताना वळणावर क्लचचा वास सुटतो. म्हणून देवगडाकडे फोनवर हमखास ऐकू येतं, "गाडी खाली हाडू नको, फिरवूक जागा नाय. थयच सड्यार ठेव."

मग सड्यावर आंब्याच्या कलमांच्या कुंपणाला लागून गाडी उभी राहते. उतरायला कुणाची ना नसते, पण गाडीत आई असते आणि आईचे गुडघे असतात. खाली उतरायचं म्हणजे तेवढंच परत चढायचं. अशा वेळी काय होतं ते मी अनेकदा पाहिलंय. आई गाडीतच बसते आणि काकी वर येते. साठीच्या पुढच्या दोघी जावा, एकीने पाखाडी चढून आलेली, दुसरी सीटवर आडवी बसून पाय बाहेर सोडलेली. गाडीच्या उघड्या दारापाशी वीस मिनिटं बोलणं होतं. कोण गेलं, कुणाचं लग्न ठरलं, जमिनीच्या केसचं काय झालं. काकीच्या हातात पिशवी असते, तिच्यात आमसुलं, कुळथाचं पीठ आणि डब्यात घावणे. आता घावणा हा तव्यावरून थेट ताटात पडायचा पदार्थ. बिडाच्या तव्यावरून निघाल्यावर दहा मिनिटांत तो वातड होतो. खाली खोऱ्यात रेंज नसल्याने गाडी नक्की किती वाजता येणार हे काकीला कळलेलं नव्हतं, म्हणून तिने सकाळीच चूल पेटवून घावणे काढून ठेवले. पाहुणे ते संध्याकाळी कशेडी घाटाच्या अलीकडे कुठेतरी गार खातात. ज्या घरासाठी गाडी वळवली त्याची पडवीसुद्धा कुणी पाहिलेली नसते.

ही कहाणी भावनेची म्हणून सोडून देता येईल. मला ती बांधकाम खात्याची वाटते.

ग्रामीण रस्त्यांचा मोठा पैसा ज्या योजनेतून येतो ती प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २००० साली सुरू झाली. तिचा मूळ निकष साधा होता : सपाट भागात ५०० लोकवस्ती, डोंगरी राज्यांत आणि आदिवासी भागांत २५०. सलग वस्तीच्या मुलखात हा निकष ठीक आहे. पंचवीस घरांच्या वाडीत, त्यातही निम्मी बंद असताना, तो लागू कसा पडायचा? आणि वस्ती मोजायची कशी, तर जनगणनेवरून. मागची जनगणना २०११ च्या फेब्रुवारीत झाली. फेब्रुवारीत चाकरमानी मुंबईत असतो. त्या मोजणीत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या दहा वर्षांत १६ लाख ९६ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर उतरलेली दिसली, सिंधुदुर्गाची ८ लाख ६८ हजारांवरून ८ लाख ४९ हजारांवर. महाराष्ट्रात दर हजार पुरुषांमागे ९२९ स्त्रिया असताना रत्नागिरीत ११२२ होत्या. या आकड्यांकडे नीट पाहिलं तर मागे कोण राहिलंय ते दिसतं. मागे काकी राहिली आहे. माणसं कमी झाली म्हणून रस्त्याचा हक्क कमी होतो, आणि रस्ता नाही म्हणून माणसं येईनाशी होतात. गणपतीत, शिमग्याला आणि मे महिन्यात त्याच वाडीत घर भरून पडवीपर्यंत अंथरुणं पडतात, पण तेव्हा मोजायला कुणी येत नाही.

मग वाडीचा रस्ता होतो कसा? आमदार निधीतून, जिल्हा परिषदेतून, तुकड्यातुकड्याने. यंदा शंभर मीटर, पुढच्या निवडणुकीच्या आधी आणखी दीडशे. प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला नावांचा फलक मात्र असतो, कधी कधी तुकड्यापेक्षा जास्त टिकणारा.

आता दुसरीकडे पाहू. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा जाहीर झाला. २०२१ च्या ऑक्टोबरात चिपीचा विमानतळ सुरू झाला. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ पासून चालू आहे आणि कोकणातल्या माणसाला त्याबद्दल नव्याने सांगण्यासारखं काही नाही. मला सगळ्यांत बोलकं वाटलं ते २०२५ च्या गणपतीतलं प्रकरण. कोकण रेल्वेने मोटारी मालगाडीवर चढवून नेण्याची सोय सुरू केली. कल्पना उत्तम. पण पहिल्या आखणीत गाडी कोलाडला चढवायची आणि उतरवायची थेट गोव्यात, वेर्ण्याला! गणपतीला निघालेला माणूस खेड, चिपळूण, रत्नागिरी, कणकवली खिडकीतून बघत गोव्यात पोचणार आणि तिथून उलटा घरी येणार. पुढे ओरड झाल्यावर नांदगाव रोडला थांबा दिला गेला. यात कुणाचा दुष्टपणा नव्हता. आखणी करणाऱ्याच्या नकाशात कोकण ही गोव्याला जायची वाट होती, एवढंच.

रेवस-रेड्डी सागरी महामार्गाबद्दल बोलताना हे लक्षात ठेवायला हवं. बॅ. अंतुले मुख्यमंत्री असतानाच्या काळापासूनची ही कल्पना. इतकी वर्षं ती खाड्यांपाशी येऊन अडत होती, आता मोठ्या खाड्यांवरच्या पुलांची कामं राज्य रस्ते विकास महामंडळाने हाती घेतली आहेत. पुलांना माझा विरोध नाही, उलट नात्यागोत्यांसाठी पुलाइतकी मोलाची गोष्ट दुसरी नाही. दाभोळच्या धक्क्यावर उभं राहिलं की समोर धोपावे दिसतं. इकडची मुलगी तिकडे दिलेली असली तर माहेर रोज नजरेसमोर, पण गाडीरस्त्याने जायचं म्हणजे चिपळूणला वळसा. २००३ मध्ये तिथे मोटारी नेणारी फेरीबोट सुरू झाली तेव्हा पर्यटक खूश झाले हे खरं, पण बोटीवर सकाळच्या फेरीला उभं राहून पाहा. पूजेचं सामान घेतलेले भटजी, दवाखान्यात निघालेलं जोडपं, हातात कोंबडी धरलेला म्हातारा, बारशाला निघालेल्या बाया. बोट रात्री बंद होते. पलीकडे कुणी आजारी पडलं, कुणी वारलं, तर बोट त्यासाठी थांबत नाही. पूल झाला की हा प्रश्न संपेल, आणि व्हावाच.

प्रश्न पूल कुणाच्या सोयीने उतरणार हा आहे. हायवेचं उदाहरण ताजं आहे. गाव लागलं की उड्डाणपूल, मध्ये दुभाजक, गावात शिरायला पुढे जाऊन परत फिरायचं. रात्रीची एसटी पुलावरूनच जाते आणि काकीकडे आलेला पाहुणा पुलाच्या टोकाशी, दिवा नसलेल्या जागी, बॅगा घेऊन उतरतो. समुद्राकडचा रस्ता असाच बांधला तर खाडीच्या एका तीरावरून दुसऱ्या तीरावर गाड्या झपकन जातील आणि धक्क्याशेजारचं गाव पुलाखाली राहील. बोट असताना गाडीला त्या गावात निदान थांबावं तरी लागत होतं, जेटीवर भजी आणि सोडा विकून दोन घरं चालत होती. म्हणून माझी मागणी साधी आहे. पुलाला दोन्ही तीरांवरच्या गावांत उतरणारा जोडरस्ता हवा, पुलावर पायी चालायला जागा हवी, एसटीचा थांबा आणि दिवा हवा. आणि महामार्गावर जेवढे किलोमीटर मोजून पैसे टाकले जातात, त्यातला ठरावीक हिस्सा त्याच पट्ट्यातल्या वाडीरस्त्यांना आणि साकवांना राखून ठेवायला हवा. शेवटचा किलोमीटर हा त्या रस्त्याचाच भाग धरला पाहिजे, जिल्हा परिषदेच्या पदरात टाकलेली वेगळी भानगड म्हणून नव्हे.

पर्यटनातून पैसा येतो, पाहुण्यातून काय येतं, असं यावर कुणी विचारेल. विचारू देत. उत्तर सोपं आहे. पाहुण्याला रस्ता नाही म्हणजे १०८ ला रस्ता नाही. फोन लागला तर रुग्णवाहिका सड्यापर्यंत येतेही, पण तिथून खाली खुर्चीला दोन वासे बांधून माणूस वर आणावा लागतो. उचलायला चौघं लागतात. चाळिशीच्या आतले चौघं वाडीत असतील तर. हीच वाट शाळेतल्या पोराची, गॅसच्या सिलिंडरची, आंब्याच्या क्रेटची, मासे घेऊन येणाऱ्या बाईची. पाहुणा वर्षातून दोनदा येतो. त्याची अडचण आपल्याला दिसते, कारण तो गाडी घेऊन येतो आणि बोलतो. रोज चढणारे बोलत नाहीत.

एसटीचंही तसंच. पंचाहत्तरीपुढच्यांना २०२२ पासून एसटीत तिकीट नाही, बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट. चांगल्या योजना आहेत, त्यांचा फायदा घेऊन कितीतरी म्हाताऱ्या देवाला, लेकीकडे, भावाकडे जाऊन येतात. पण फुकट तिकिटाला गाडी लागते. पूर्वी गावात वस्तीची गाडी असे, रात्री मुक्कामाला येई आणि पहाटे निघे. कंडक्टर कुणाच्या तरी पडवीत झोपे. ज्या गावांत ती उरली आहे तिथल्या काकीला भाचरं येण्याची वाट पाहत बसावं लागत नाही, ती स्वतः उठून त्यांच्याकडे जाते. भेट म्हणजे शहरातल्याने गावी येणं, हे आपण गृहीत धरून चाललोय. गाडी असती तर अर्ध्या भेटी उलट्या दिशेने झाल्या असत्या.

इथवर दोष सरकारचा झाला. आता आपल्या घरचं बोलतो, कारण माझ्या मते खरी गाठ इथे आहे.

पाखाडी रुंद का होत नाही असं सरपंचाला विचारा. तो योजनेचं नाव घेत नाही, सातबारा काढतो. पाखाडी ज्या जमिनीतून जाते तिच्यावर चौदा, बावीस, कधी चाळीस सहहिस्सेदारांची नावं. पणजोबाच्या नावाखाली इतर हक्कांत कोण कोण. त्यातले काही लालबागला, काही डोंबिवलीला, काही नालासोपाऱ्याला, एखादा दुबईला. ग्रामपंचायतीच्या २३ नंबरच्या नोंदवहीत रस्त्याची नोंद नसेल तर त्यावर पैसा खर्च करता येत नाही. नोंद करायची तर जागा देणाऱ्यांचं संमतीपत्र लागतं, आणि संमती कुणी एकटा देऊ शकत नाही. मग एक भाऊबंद म्हणतो, माझा माड जातोय. दुसरा म्हणतो, आधी वाटप करा, मग रस्त्याचं बघू. तिसऱ्याचा फोन लागत नाही. निधी येतो, मार्च उजाडतो, निधी परत जातो. गडग्याचे दोन हात मागे सरकवायला कुणी तयार नसतं, आणि हे तेच लोक असतात जे मे महिन्यात सड्यावर गाडी लावून सरकारला शिव्या देतात.

गावात राहणारी काकी यात काहीच करू शकत नाही, कारण तिचं नाव बहुधा सातबाऱ्यावर नसतंच. नवऱ्याच्या मागे वारसनोंद करायची राहिलेली असते. रस्ता तिला हवा आहे आणि सही आपल्याकडे आहे, असा हा सगळा मामला.

रस्ता आला की पाठोपाठ जमिनीचे दलाल येतात, वाडीची वाडी विकली जाते, बंगले उठतात, असं काही मित्र म्हणतात. भीती खोटी नाही. किनाऱ्यालगत हे झालेलं आहे, आणि समुद्राजवळच्या वाडीला जो रस्ता मिळाला तो बऱ्याचदा तिथल्या खोल्या भाड्याने जायला लागल्यावर मिळाला. (आता तर नातेवाइकांचंच घर निवास-न्याहारीत गेलेलं असतं. ऐन मेमध्ये माजघराशेजारच्या दोन्ही खोल्यांत पुण्याचं कुटुंब, आणि सख्खा पुतण्या पडवीत चहा पिऊन निघतो. खोलीचं भाडं देऊ का, हे विचारावं की न विचारावं, हा नवा पेच आहे आणि त्यावर अजून रीत बसलेली नाही.) पण रस्ता नाही म्हणून जमीन वाचते, हे मला पाखाडी रोज चढणाऱ्या बाईने कधी सांगितलेलं नाही. सांगणारे सगळे डांबरी रस्त्यावर राहणारे. जमीन विकायची की नाही हेही शेवटी त्याच चाळीस नावांच्या हातात असतं. दलाल त्या सगळ्यांना शोधून काढतो, रस्त्यासाठी मात्र कुणी कुणाला सापडत नाही.

म्हणून बेत उलटा करा असं मी म्हणतो. काकीचं घर पहिल्या दिवशी, समुद्र नंतर. गुहागरचा समुद्र दोन दिवसांनीही तिथेच असणार आहे. पहिल्या दिवशी माणूस दमलेला नसतो, घड्याळ बघत नाही, मुक्कामाला राहतो. काकीला घावणे गरम वाढता येतात. आणि मुख्य म्हणजे कामाला वेळ मिळतो. १ मेला बहुतेक ठिकाणी ग्रामसभा असते आणि नेमके तेव्हा चाकरमानी गावात असतात. मतदारयादीत नाव नसलं तर तिथे मत देता येणार नाही, पण पाखाडीचा विषय मांडायला सरपंचाला भाग पाडता येतं. गावात हजर असलेले हिस्सेदार त्याच आठवड्यात स्टँपपेपरवर सह्या करू शकतात. मुंबईतल्यांच्या सह्यांचा कागद परतीच्या गाडीतून नेता येतो, गावच्या मंडळाच्या सभेत फिरवता येतो. काकीची वारसनोंद त्याच फेरीत तलाठ्याकडे देऊन टाकावी. मोजणीचा अर्जही तेव्हाच गेला पाहिजे, कारण पाऊस सुरू झाल्यावर कोकणात मोजणीला कुणी उतरत नाही आणि गणपतीत सगळे असले तरी सुट्टीच्या दिवशी तलाठी कार्यालय बंद असतं.